लॉटरीच्या पैशावर सुरू झालेला टाऊन हॉल : एक प्रकरण अभ्यास

मुंबईच्या फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलच्या पूर्व टोकाला जुना टाऊन हॉल उभा आहे. आज बहुतेक लोक त्याला नुसते ‘एशियाटिक’ म्हणतात. १८११ मध्ये कल्पना निघाली, १८२१ मध्ये काम सुरू झाले, १८३३ मध्ये इमारत पुरी झाली. एकूण बावीस वर्षे. तिच्या पायऱ्यांवर आणि खांबांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा हिशेब मात्र फारसा कोणी उलगडून पाहत नाही. पुरेसा पैसा जवळ नसताना सुरू केलेली सार्वजनिक इमारत कोणाच्या बळावर पुरी झाली आणि त्या बदल्यात काय द्यावे लागले, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पार्श्वभूमी

मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे तेव्हाचे सर्वोच्च न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी १८०४ मध्ये लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. सभा परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये भरत. संस्थेपाशी पुस्तके जमू लागली, निबंध वाचले जाऊ लागले, पण स्वतःची जागा नव्हती. शहराचीही तीच अडचण. तटबंदीच्या आत वखारी, गोदामे, चर्च आणि कचेऱ्या होत्या. मोठी जाहीर सभा किंवा समारंभ भरवायला योग्य दालन नव्हते. दोन्ही गरजा एकाच छपराखाली भागवाव्यात, अशी १८११ च्या प्रस्तावाची मांडणी होती.

पैसा उभारायला सोडत काढायची, म्हणजे लॉटरी, असे ठरले. त्या काळी यात वावगे काही नव्हते. कलकत्त्यात जॉन गार्स्टिन या लष्करी इंजिनिअरच्या आराखड्यानुसार डोरिक, म्हणजे जाडजूड साध्या खांबांच्या जुन्या ग्रीक शैलीचा टाऊन हॉल तेव्हा बांधला जात होता, आणि त्याचा सुमारे ७ लाख रुपयांचा खर्च लॉटरीतूनच निघत होता. ती इमारत १८१३ च्या सुमारास पुरी झाली. तिकडे जमते आहे तर इकडेही जमेल, हा विचार साहजिक होता. पण कलकत्ता कंपनी सरकारची राजधानी होती. तिकिटे घेणारा अधिकारी आणि व्यापारी वर्ग तिथे कितीतरी मोठा होता. मुंबईने उपाय उचलला, त्यामागची बाजारपेठ मात्र तिच्याकडे नव्हती.

जागा निवडली ती बॉम्बे ग्रीन या मैदानावर. समोर १७१८ चे सेंट थॉमस चर्च (पुढे कॅथेड्रल) आणि कापसाच्या गाठी पडून असलेले मोकळे मैदान, पाठीमागे किल्ला आणि बंदर. इमारतीचे तोंड पश्चिमेला आले. मुंबईत पश्चिमेकडे तोंड म्हणजे दुपारभर ऊन आणि पावसाळ्यात वाऱ्यासह अंगावर येणारी झड. उंच जोते, पुढे आलेला खांबांचा द्वारमंडप, खिडक्यांवरचे छज्जे आणि लाकडी झिलमिल्या यांचे काम केवळ शोभेचे नाही ते यामुळे. द्वारमंडपाच्या खोल सावलीमुळे दर्शनी भिंत तापत नाही, आणि झिलमिल्या लावून घेतल्या तरी वारा आत खेळता राहतो.

अडचण

लॉटरीतून सुरुवातीला हाती आलेली रक्कम १०,००० रुपये होती. इमारतीचा अखेरचा खर्च साधारण ६०,००० पौंडांवर, म्हणजे त्या काळच्या दराने ६ लाख रुपयांच्या आसपास गेला. पहिली रक्कम एकूण खर्चाच्या साठाव्या हिश्शाएवढी भरते. एवढ्यावर पायाही निघत नाही.

लॉटरी कमी का पडते हे आकडे मांडले की कळते. समजा १ लाख रुपयांची तिकिटे छापली आणि त्यातले ८० हजार बक्षिसांना ठेवले. सगळी तिकिटे खपली तर इमारतीला २० हजार मिळतात. तीन चतुर्थांशच खपली आणि बक्षिसे जाहीर केल्याप्रमाणे द्यावी लागली, तर जमा ७५ हजार, देणे ८० हजार. इमारत बाजूला राहून आयोजकच ५ हजारांनी खाली येतो. बक्षिसे कमी करावीत तर तिकिटे खपत नाहीत. शिवाय एकाच गावात सोडत पुन्हापुन्हा काढली की गिऱ्हाईक तेच राहते आणि उत्साह उतरत जातो. लॉटरी पूरक निधी म्हणून ठीक. सगळ्या इमारतीचा भार तिच्यावर टाकला की काम मध्येच अडकते. १८११ ते १८२१ ही दहा वर्षे वीटही न लागता गेली.

दुसरी अडचण आराखड्यातच होती. बॉम्बे इंजिनिअर्सचे कर्नल थॉमस कूपर यांनी ग्रीक वळणाची इमारत आखली : सुमारे २६० फूट लांबीचा दर्शनी भाग, मध्यभागी आठ डोरिक खांबांचा द्वारमंडप, त्यावर त्रिकोणी शिरोभाग, आणि रस्त्यापासून वर चढत जाणाऱ्या तीस दगडी पायऱ्या. आत पहिल्या मजल्यावर १०० फूट चौरस मोठे दालन. बाहेर डोरिक, वरच्या दालनात कोरिंथियन, तळमजल्याच्या एका कचेरीत अथेन्सजवळच्या इलिसस नदीकाठच्या देवळावरून घेतलेले आयोनिक खांब, असा तिन्ही ग्रीक प्रकारांचा मेळ त्यांनी घातला.

पैशाची चणचण असताना अशा आराखड्याला कात्री लावणे अवघड असते. डोरिक रचनेत सगळी मापे खांबाच्या व्यासाला बांधलेली असतात. उंची व्यासाच्या ठराविक पटीत, दोन खांबांमधले अंतर व्यासाच्या पटीत, वरच्या तुळईची जाडी आणि तिच्यावरच्या पट्ट्यातल्या उभ्या रेघांच्या चौकटी खांबांच्या मध्यरेषेशी जुळणाऱ्या. एक माप बदलले की सगळी बदलावी लागतात. साध्या वाड्यात पैसे संपले तर एक खण कमी करता येतो, मजला पुढच्या वर्षावर ढकलता येतो. इथे द्वारमंडप अर्धवट सोडला तर इमारतीला दर्शनी बाजूच उरत नाही.

पुढ्यात असलेले पर्याय

पैशाच्या बाबतीत वाटा चार होत्या. लॉटऱ्या काढत राहावे आणि येईल तशी इमारत वाढवावी. शेठ-सावकारांकडून वर्गणी घ्यावी. आराखडा लहान करून विटा-चुन्याची साधी इमारत बांधावी. किंवा कंपनी सरकारला भागीदार करून घ्यावे.

वर्गणीची वाट सर्वांत कमी वापरली गेली, आणि माझ्या मते खरी गल्लत तिथेच आहे. पारशी, गुजराती, मराठी, कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांकडे पैसा होता. पुढच्या काही दशकांत याच लोकांनी शाळा, इस्पितळे, धर्मशाळा, तलाव उभे केले. पण जिच्यासाठी इमारत हवी होती त्या सोसायटीचे सभासदत्वच हिंदी, म्हणजे भारतीय, माणसाला मिळत नव्हते. ते दार १८४० च्या सुमारास माणकजी करसेटजी यांच्या निवडीने उघडले. ज्याला आत बसायला जागा नाही त्याच्याकडे पायासाठी वर्गणी मागणे कठीणच.

दगडाच्या बाबतीतही निवड होती. मुंबईत काळा पाषाण मुबलक. मजबुतीला तोड नाही, पण पाथरवटाच्या टाकीला कठीण. ग्रीक डोरिक खांबाला वरपासून खालपर्यंत वीस पन्हळी, म्हणजे उभ्या खाचा, असतात आणि दोन पन्हळींमधली कड धारदार ठेवावी लागते. काळ्या दगडात हे काम होते, पण वेळ आणि मजुरी अनेक पटींनी वाढते, आणि रंगामुळे सावल्यांचा खेळ हरवतो. दुसरा मार्ग कलकत्ता-मद्रासचा : विटांचा गाभा, त्यावर घोटलेला चुन्याचा गिलावा. स्वस्त आणि जलद. पण गिलाव्याची धार खाऱ्या हवेत आणि झडीच्या पावसात टिकत नाही, दर काही वर्षांनी नव्याने ओढावी लागते. तिसरा मार्ग इंग्लंडहून घडवलेला दगड जहाजाने आणण्याचा. दर्जा उत्तम, खर्च आणि विलंब सर्वांत जास्त. सुएझ कालवा व्हायला अजून चार दशके होती. जहाजे आफ्रिकेला वळसा घालून येत. मापात चूक निघाली तर पत्र जायला काही महिने, दुरुस्त माल यायला आणखी काही.

प्रत्यक्षात काय केले

१८२१ मध्ये काम सुरू करताना पुरा निधी हाती नव्हता. सुरू झालेले काम सहसा सोडून देता येत नाही, या भरवशावर पुष्कळ सार्वजनिक इमारती उभ्या राहतात. ही त्यांतली एक. पैसे आटल्यावर मुंबई सरकारने राहिलेला भार उचलायचे कबूल केले. मोबदला म्हणून कचेऱ्यांना जागा द्यायची. अशा रीतीने खर्चाचा फार मोठा वाटा कंपनीच्या तिजोरीतून गेला.

खांब इंग्लंडहून आले आणि आराखड्याच्या मानाने फार मोठे निघाले. मूळ बेत जोडखांबांचा होता, म्हणजे दोन-दोन खांब जवळजवळ. खांब जाड झाले की जोडीत उभे केल्यावर मधली मोकळी जागा जवळपास संपते, आणि द्वारमंडप भिंतीसारखा बंद दिसू लागतो. जोड सोडून एकेक खांब ठेवण्यात आला. एकेरी खांबांनाही मर्यादा असतेच. वरची तुळई दगडाची, आणि दगड दाब पेलतो, ताण पेलत नाही. गाळा फार रुंद केला तर तुळई मधोमध खालून तडकते. म्हणून खांब कमी करून अंतर हवे तेवढे वाढवता येत नाही. एकेरी आठ खांबांचा आजचा द्वारमंडप या दोन टोकांच्या मध्ये बसतो. उरलेले खांब वाया गेले नाहीत. भायखळ्याला ख्राइस्ट चर्च बांधले जात होते, त्याच्या द्वारमंडपाला ते लागले. ते चर्च आजही पाहता येते, आणि टाऊन हॉलचे खांब मुळात किती मागवले होते याचा अंदाज तिथे गेल्यावर येतो.

कूपर इमारत पुरी होण्याआधीच वारले. आराखडा करणारा गेल्यावर काम दुसऱ्यांच्या हातून पुरे झाले. लष्करी इंजिनिअरांच्या खात्यात एक सोय असते : रेखाचित्रे आणि हिशेब खात्याकडे राहतात, माणूस बदलला तरी काम पुढे सरकते. शेजारची टांकसाळही याच सुमाराला, १८२४ ते १८२९ मध्ये, मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली याच खात्याने बांधली.

लिटररी सोसायटी एव्हाना रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली होती. इमारत पूर्ण होण्याची वाट न पाहता १८३० मध्ये ती नव्या जागेत गेली. हा निर्णय चांगला ठरला. पुस्तके आत गेली की ती दालने कचेऱ्यांना देण्याचा प्रश्न आपोआप मिटतो.

जागेची वाटणी अशी झाली : तळमजल्यावर वैद्यकीय मंडळ आणि लष्करी हिशेबतपासनीस यांच्या कचेऱ्या, आणि सोसायटीच्या संग्रहातल्या जड वस्तू. वर मोठे दालन, सोसायटीचे सभागृह, ग्रंथालय, आणि गव्हर्नर व सरसेनापती यांच्या भेटीगाठींच्या खोल्या. शिळा आणि मूर्ती खाली, कागद आणि माणसे वर, ही विभागणी अगदी योग्य होती. वरच्या मजल्याच्या जमिनी लाकडी असताना टनावारी दगड वर चढवणे म्हणजे तुळयांना कायमचा बाक आणणे.

निष्पत्ती

इमारत वापरात आली आणि वापरात राहिली, हे पहिले यश. नोव्हेंबर १८५८ मध्ये राणीचा जाहीरनामा मुंबईत याच पायऱ्यांवरून वाचला गेला. आत चॅन्ट्री या शिल्पकाराने घडवलेले एल्फिन्स्टन आणि माल्कम या गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे आले; पुढे नाना शंकरशेट यांचाही पुतळा आला. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेला अवशेषांचा करंडक इथे पोचला. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९२ मध्ये सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. ज्या संस्थेने सुरुवातीला हिंदी सभासद घेतले नाहीत, तिला एका मराठी माणसाच्या अध्यक्षतेपर्यंत यायला या छपराखाली साठ वर्षे लागली.

इमारतीसमोरच्या मैदानाचे भाग्य नंतर उजळले. १८६० च्या दशकात पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांच्या पुढाकाराने ग्रीनची जागा आखून तिचे भूखंड विकले गेले, आणि एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारतींचे एल्फिन्स्टन सर्कल उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर ते हॉर्निमन सर्कल झाले. वर्तुळाची पूर्व बाजू टाऊन हॉलसाठी मोकळी सोडली. त्यामुळे चर्च, बाग आणि द्वारमंडप एका रेषेत आले. टाऊन हॉलला समोरून पाहण्यासारखे अंतर खरे मिळाले ते तेव्हा. यापुरते पाहिले तर चाळीस वर्षांनी केलेली दुसऱ्याच कोणाची योजना कूपरच्या आराखड्याला उपकारक ठरली.

जे झाले नाही तेही नोंदवायला हवे. हा टाऊन हॉल शहराच्या कारभाराचे घर कधीच झाला नाही. महापालिकेने बोरीबंदरासमोर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्याची स्वतंत्र इमारत बांधली, ती १८९३ मध्ये पुरी झाली. १८२० च्या दशकात सरकारने पैसे घालून जागा घेतली, तेव्हाच ही इमारत नगराच्या हातून निसटली असे म्हणायला हरकत नाही. आजही वास्तू सरकारी आणि जुना संग्रह सोसायटीचा, अशी दुहेरी व्यवस्था आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळे काय करता आले असते

पहिली जागा १८२१ ची. निधी हाती नसताना सुरुवात करायची असेल तर इमारतीचे टप्पे असे पाडावे लागतात की प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे वापरता येईल. इथे ते शक्य होते. मधले दालन आणि एक बाजू आधी, दुसरी बाजू मागाहून. द्वारमंडप सर्वांत शेवटी, कारण तो भार कमी घेतो आणि पैसा सर्वांत जास्त खातो. सभागृह दहा वर्षे आधी वापरात आले असते तर त्याच्या भाड्यातूनही थोडी भर पडली असती.

दुसरी जागा खांबांची मागणी. समुद्रापार घडणाऱ्या दगडाचे माप आकड्यांत पाठवून भागत नाही. पाथरवट ज्याला फर्मा म्हणतात तो पत्र्याचा किंवा फळीचा पूर्ण मापाचा साचा, तळाचा एक आणि माथ्याचा एक, आणि उंचीची लाकडी काठी सोबत जायला हवी. पहिल्या खेपेला एकाच खांबाचे तुकडे मागवायचे, जागेवर रचून पाहायचे, मग बाकीची मागणी. यात एक वर्ष जास्त गेले असते. पण बारा वर्षे चाललेल्या कामात एक वर्ष हा मोठा खर्च नव्हे. मूळ बेताच्या मानाने अवाढव्य खांब आणून रचना बदलण्यापेक्षा तो कमीच. भायखळ्याला चर्च बांधले जात होते हे नशीब.

तिसरी जागा सरकारशी झालेली देवघेव, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. जागेच्या बदल्यात पैसा, हा सौदा वाईट नव्हता. तो न करता इमारत उभी राहिलीच नसती. पण अशा सौद्यात तीन गोष्टी आधी कागदावर यायला हव्यात : कोणती दालने कायमची सार्वजनिक, छप्पर आणि पाणी वाहून नेणाऱ्या व्यवस्थेची दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि कचेरी उठली तर जागा कोणाकडे परत. यांतली मधली गोष्ट सर्वांना किरकोळ वाटते आणि तिच्यावाचूनच सर्वांत जास्त नुकसान होते. जिथे मालक एक आणि वापरणारा दुसरा, तिथे पन्हळी तुंबल्या की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

एकोणिसाव्या शतकातल्या अशा दगडी इमारतींत पाणी मुरण्याच्या जागा ठरलेल्या असतात : कठड्यामागच्या पन्हळी, त्रिकोणी शिरोभाग आणि छप्पर जिथे मिळतात तो सांधा, आणि कंगणीचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून पुढे आलेल्या पट्टीचा, वरचा पृष्ठभाग. मे महिना संपण्याआधी या तीन ठिकाणांची साफसफाई आणि दगडांमधले सांधे, म्हणजे दर्ज, तपासणे हे काम शिडी आणि चार माणसांचे आहे. दर्ज भरताना चुना आणि वाळू १:३, ओलीच्या ठिकाणी थोडी सुर्खी, म्हणजे विटांची पूड. सिमेंट टाळायचे. सिमेंटचा सांधा दगडापेक्षा घट्ट बसतो, आत शिरलेले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते दगडातून वाट काढते. खारी हवा असेल तर मीठ पृष्ठभागाखाली साचते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. दगड जोडायला आत लोखंडी अकड्या वापरल्या असतील तर धोका दुहेरी, कारण गंजलेले लोखंड फुगते आणि आतून दगड फोडते.

चौथी जागा अलीकडची, आणि अजून खुली आहे. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार देशात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांत मुंबईच्या टाऊन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. म्हणजे सभा-समारंभांसाठी बांधलेल्या इमारतीत कधीही न थांबणारी पुस्तकांची आवक. भारतीय मानक आय.एस. ८७५ प्रमाणे सभागृहाच्या जमिनीला, आसने पक्की नसतील तर, दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे सुमारे ५०० किलो. ग्रंथभांडाराला २.२ मीटर उंचीच्या रचणीसाठी ६ किलोन्यूटन, आणि त्यावरच्या प्रत्येक मीटरला आणखी २. साडेतीन मीटर उंच कपाटे म्हटली तर साडेआठ किलोन्यूटनच्या पुढे जाते. सभेची गर्दी संध्याकाळी घरी जाते. पुस्तके जागची हलत नाहीत. अशा कायमच्या भाराखाली लाकडी तुळई वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते आणि भार काढला तरी पुरती सरळ होत नाही.

यावर उपाय गुंतागुंतीचा नाही. कमी वापराचा संग्रह इमारतीबाहेरच्या भांडारात, उरलेली कपाटे भिंतीच्या कडेने आणि तुळयांच्या दिशेला काटकोनात, म्हणजे एका कपाटाचे वजन अनेक तुळयांवर वाटले जाते. दालनाच्या मध्यावर फक्त टेबले. आणि दर पावसाळ्याआधी तुळईच्या मधोमध किती बाक आला आहे त्याचे माप दोरी ताणून घ्यायचे, त्याच जागी, आणि लिहून ठेवायचे. एका वर्षाच्या मापाने काही कळत नाही; पाच वर्षांची मापे शेजारी मांडली की तुळई स्थिर आहे की अजून बसते आहे हे ठरते, आणि कोणते दालन आधी रिकामे करायचे तेही.